रंगावर जाऊ नका: सोडून दिलेले पाळीव पक्षी आणि रानातल्या वंशात होणारी भेसळ

पाणथळ (धाग्याची सुरुवात)

तळ्यात सोडलेलं पाळीव बदक काही दिवसांत कोल्ह्याच्या तोंडी जाणार, त्यानं रानातल्या बदकांचं काय बिघडतंय? हे मत पक्षी पाहणाऱ्यांतही सर्रास ऐकू येतं, आणि ते अर्धं खरं आहे. सोडलेल्यांपैकी बहुतेक पक्षी पहिल्याच वर्षात मरतात. पण जे थोडे विणीच्या हंगामापर्यंत तग धरतात त्यांची रानातल्या जोडीदाराशी जोडी जमते, पिल्लं वाढतात, आणि सोडलेला पक्षी मेला तरी त्याची जनुकं मागे राहतात.

बदक, कोंबडी आणि कबूतर या तिघांत धोका सर्वांत मोठा, कारण पाळीव आणि रानटी एकाच जातीचे आहेत. बहुतेक पाळीव बदकं मॅलार्ड या रानबदकापासून आली, कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबड्यापासून, कबूतर पारव्यापासून. त्यांचे संकर पूर्णपणे प्रजननक्षम असतात. मस्कोव्ही या दुसऱ्याच जातीच्या पाळीव बदकाची गोष्ट वेगळी. त्याचा मॅलार्डवंशी बदकाशी झालेला संकर वांझ निघतो. तो जागा अडवेल, खाणं खाईल, पण वंशात शिरणार नाही. त्यामुळे 'पाळीव बदक दिसलं' एवढ्या नोंदीला फारसा अर्थ नाही. कोणतं बदक, ते लिहायलाच हवं.

थोडं गणित. समजा दर पिढीत विणीत उतरणाऱ्यांपैकी 5 टक्के पक्षी सोडलेले आहेत, जोड्या कशाही जमतात आणि नैसर्गिक निवड काहीच करत नाही. 10 पिढ्यांनंतर मूळ वंशाचा वाटा उरतो 60 टक्के, 20 पिढ्यांनंतर 36 टक्के. सोडलेले 10 टक्के धरले तर 10 पिढ्यांतच 35 टक्क्यांवर येतो. या सगळ्या काळात तळ्यावरची संख्या तेवढीच दिसते, कधी वाढलेलीही दिसते. पक्षीगणनेच्या तक्त्यात हे नुकसान कुठेच उमटत नाही. मला यातली सगळ्यात काळजीची बाब हीच वाटते.

दुर्बीण

गणित पटलं, पण निवड शून्य धरणं जरा टोकाचं आहे. पांढरं, जड, नीट उडता न येणारं बदक रानात टिकणारच नाही. मग वाईट जनुकं आपोआप गाळली जाणार नाहीत का?

जनुकवेध

@दुर्बीण, गाळली जातात, पण सगळी नाही आणि एका वेगानेही नाही.

एकेक गुण वेगळा घ्या. उडता न येणं किंवा अंड्यांवर न बसणं यांची किंमत पक्षी लगेच मोजतो, ती जनुकं लवकर संपतात. अप्रभावी जनुकांचं, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आली तरच ज्यांचा गुण दिसतो त्यांचं, तसं नाही. एखाद्या अप्रभावी पांढऱ्या रंगाच्या जनुकाचं प्रमाण रानातल्या थव्यात 10 टक्के असेल, तर पांढरा पक्षी 100 त 1 दिसतो, पण जनुक बाळगणारे, दिसायला अगदी रानटी असे 18 असतात. निवडीला तो एकच सापडतो. प्रमाण जितकं खाली जातं तितकी गाळणी आणखी संथ होते.

तिसरा गट मला सर्वांत त्रासदायक वाटतो. अंडी घालायची वेळ, धोका पाहून दचकण्याची पातळी, स्थलांतराची ओढ, चोचीची रुंदी हे गुण शेकडो जनुकांच्या बारीक बारीक परिणामांनी ठरतात. एकेका जनुकावरचा निवडीचा दाब इतका कमी असतो की नवे पक्षी येत असतील तर आवक गाळणीपेक्षा जास्तच राहते. सोडणं थांबलं तरच निवड पुढे सरकते. 'निसर्ग बघून घेईल' हे वाक्य सोडणं थांबल्यानंतर बऱ्याच अंशी खरं आहे, त्याआधी नाही.

पीसपारखी

चोचीचा उल्लेख आलाच आहे तर तिथेच थोडं थांबतो, कारण ही गोष्ट हातात पक्षी घेतल्याशिवाय लक्षात येत नाही.

मॅलार्डची चोच किंचित उघडून कडेनं पाहिलं तर आतल्या बाजूला कंगव्यासारखे पातळ दाते दिसतात. बदक पाणी आणि चिखल तोंडात घेतं आणि जिभेच्या दाबानं बाहेर ढकलतं. पाणी दात्यांमधून निघून जातं, बारीक बी आणि किडे आत अडकतात. दाते जितके दाट, तितकं बारीक खाणं पकडता येतं. शिकारीसाठी फार्मवर पिढ्यान्‌पिढ्या गोळीखाद्यावर वाढवलेल्या मॅलार्डची चोच आखूड आणि रुंद होत गेली, थोडीशी हंसाच्या वळणाची, आणि दाते विरळ झाले. फार्मवर त्याचं काहीच अडत नाही, टपोऱ्या गोळ्या उचलायला ती चोच उलट बरी. हाच पक्षी हिवाळ्यात मोहरीएवढ्या बियांवर जगायला गेला की त्याच चिखलातून त्याला कमी पोट भरता येतं. रंग मात्र अस्सल रानटी, दुर्बिणीतून फरक कळणं जवळजवळ अशक्य.

युरोपात शिकारीसाठी दरवर्षी 30 लाखांहून जास्त मॅलार्ड सोडले जातात. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात 1920 च्या दशकापासून फार्मवरचे मॅलार्ड सोडले गेले, आणि त्यांचा वंश युरोप-आशियाकडच्या मॅलार्डचा होता. आज जीनोम, म्हणजे पक्ष्याचा सगळा डीएनए, तपासला की त्या बाजूचे बहुतांश 'रानटी' मॅलार्ड संकर निघतात. खंडाच्या पश्चिमेकडे, जिथे असं सोडणं फारसं झालं नाही, तिथे मूळ अमेरिकी वंश बराच टिकून आहे. संग्रहालयातल्या एकोणिसाव्या शतकातल्या नमुन्यांत ही भेसळ सापडत नाही, म्हणून तिचा उगम नंतरच्या सोडण्यात आहे हे ठामपणे म्हणता येतं.

झुंजूमुंजू

मॅलार्ड दुसऱ्या जातींत मिसळतो त्याबद्दलही लिहा. माझ्या मते तिथलं नुकसान जास्त पक्कं असतं, कारण तिथे एक अख्खी जात पुसली जाते.

पाणथळ

बरोबर. थोडक्यात लिहितो.

न्यूझीलंडमध्ये 1860 च्या दशकापासून मॅलार्ड आणले, पुढे अमेरिकी वंशाचेही आणून सोडले. तिथल्या मूळच्या करड्या बदकाची जागा आता बहुतेक ठिकाणी मॅलार्डनं आणि दोघांच्या संकरांनी घेतली आहे. हवाईमध्ये कोलोआ नावाचं स्थानिक बदक आहे. ओआहू बेटावर मोकाट मॅलार्डशी मिसळून त्याची संकरांची झुंड झाली, शुद्ध पक्षी जवळपास उरले नाहीत. काउआई बेटावरची बदकं मात्र जवळपास शुद्ध आहेत आणि त्यांच्यात जनुकीय विविधताही चांगली आहे, हे 2019 च्या जीनोम-अभ्यासात दिसलं. म्हणजे वाचवण्यासारखं अजून हातात आहे. फ्लोरिडातल्या मॉटल्ड डक या स्थानिक बदकाला धोका आहे तो लोकांनी घरच्या तळ्यांत हौसेनं सोडलेल्या मॅलार्डांचा. तिथे मॅलार्ड सोडणं बेकायदा आहे. दक्षिण आफ्रिकेत पिवळ्या चोचीच्या बदकाची हीच तऱ्हा.

चारही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. मॅलार्डची मादी ठिपकेदार तपकिरी असते आणि स्थानिक जातींत नर-मादी दोघंही तसेच. त्यामुळे संकर मादी स्थानिक मादीसारखीच दिसते आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. नर संकर त्यामानानं लवकर ओळखू येतो.

सातभाई

रानकोंबड्याबद्दल. इथे मिसळण्याचा काळ सर्वांत लांब आहे, कारण पाळीव कोंबडी रानकोंबड्याच्या घरालगतच हजारो वर्षं वावरते आहे.

अस्सल तांबड्या रानकोंबड्याची एक खूण पाळीव कोंबड्यात जवळपास सापडतच नाही. वीण संपली की, उत्तर भारतात साधारण जून ते सप्टेंबर, नराच्या मानेवरची लांब सोनेरी-तांबडी पिसं गळून पडतात. त्यांच्या जागी आखूड, काळपट, गोलसर टोकाची पिसं येतात. शेपटीची लांब वळलेली पिसंही झडतात आणि तुरा आक्रसतो. पुढे नवी सोनेरी पिसं येईपर्यंत तो अगदी वेगळाच पक्षी वाटतो. याला इक्लिप्स म्हणतात. पाळीव कोंबडा एकदाच पिसं टाकतो आणि पुन्हा थेट तसाच सोनेरी होतो, मधली काळी पायरी त्याला नाही. 1999 मध्ये 745 नमुने तपासून हे दाखवलं गेलं की आग्नेय आशियाच्या टोकाकडे आणि फिलिपिन्समध्ये ही पायरी दिसेनाशी झाली होती, पश्चिमेकडच्या पक्ष्यांत ती टिकून होती.

बाकीच्या खुणा: मादीला तुरा जवळपास नसतोच. पाय पाटीसारखे निळसर-काळे. शेपटी जमिनीला समांतर, पाळीव कोंबड्यासारखी उभी नाही. आरव शेवटी तोडल्यासारखा, लांबवलेला नाही. पायात हिरवट झाक दिसली तर संशय घ्या. पिवळी कातडी आणि काळसर रंगद्रव्य एकत्र आले की पाय हिरवट होतात, आणि पिवळ्या कातडीचं जनुक पाळीव कोंबडीतून येतं. गंमत म्हणजे पाळीव कोंबडीत ते करड्या रानकोंबड्याकडून आलेलं आहे, हे 2008 मध्ये सिद्ध झालं. मात्र हे जनुक अप्रभावी आहे, त्यामुळे निळसर पाय म्हणजे शुद्ध असं प्रमाणपत्र देता येत नाही.

2023 मध्ये शंभरेक वर्षांपूर्वीचे नमुने आणि आजचे रानकोंबडे यांचे जीनोम ताडून पाहण्यात आले. आजच्या रानकोंबड्यांत जीनोमचा 20 ते 50 टक्के भाग पाळीव कोंबडीकडून आलेला निघाला. हा आकडा वाचून मी बराच वेळ सुन्न होतो. कोंबडीचा मूळ पूर्वज जनुकांच्या पातळीवर आपल्या डोळ्यांदेखत विरतो आहे.

निळा_पारवा

कबुतरांचं चित्र आणखी गोंधळाचं. रानटी पारव्याच्या पंखावर दोन स्वच्छ काळे पट्टे असतात. शहरी कबुतरांत पंखावर चौकडी असलेले पुष्कळ दिसतात. चौकडीचं जनुक पट्ट्यावर प्रभावी आहे, त्यामुळे कड्यावरच्या वसाहतीत चौकडीवाले पक्षी मोजणं ही भेसळीची सोपी, फुकटची पहिली चाचणी. मूळचं हे जनुक आफ्रिकेतल्या ठिपकेदार कबुतराकडून आलं असावं, असं 2018 चा अभ्यास सांगतो.

पण पहिलीच चाचणी म्हणतोय, शेवटची नव्हे. पट्टेवाले पाळीव कबूतरही असतातच, ते मोजणीत निसटतं. म्हणून चोच पाहा. रानटी पारव्याची चोच बारीक, आणि तिच्या बुडाशी असलेली पांढरी गादी लहान आणि चपटी. मोकाट कबुतराची चोच जाड, गादी फुगीर. पाळीव कबूतर जवळजवळ वर्षभर वीण करतं, म्हणून संख्येत ते रानट्याला सहज मागे टाकतं.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बाह्य हेब्रिडीज बेटांवरचे पारवे जीनोमनुसार अजून बरेच शुद्ध निघाले (2022), ऑर्कनीत भेसळ ठळक आहे.

दुर्बीण

@जनुकवेध, एक उलट उदाहरण. अमेरिकेत डीडीटी या कीटकनाशकामुळे पूर्व भागातले पेरेग्रिन ससाणे संपले, तेव्हा वेगवेगळ्या खंडांतल्या सात उपजातींचे पक्षी पिंजऱ्यात वाढवून सोडले. वंश मिसळला, आणि ससाणा परत आला. मग सोडणं वाईटच असं कसं म्हणायचं?

जनुकवेध

चांगलं उदाहरण. फरक दोन. ते ससाणे रानातून आणलेल्या पक्ष्यांची पहिली-दुसरी पिल्लावळ होती, पिंजऱ्यात टिकणारे निवडत गेलेली शंभरावी पिढी नव्हे. आणि तिथला स्थानिक वंश आधीच संपलेला होता, त्यामुळे मिसळून हरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तळ्यावर स्थानिक बदकं नांदत असताना फार्मवरची बदकं सोडणं ही वेगळी बाब. संवर्धनासाठी पक्षी वाढवायचेच असतील तर मूळ जोड्या जीनोम तपासून घ्याव्यात, प्रत्येक जोडीची सारखीच पिल्लं पुढे न्यावीत आणि पिंजऱ्यातल्या पिढ्या कमीत कमी ठेवाव्यात. सर्वांत जास्त अंडी देणाऱ्या जोडीची पिल्लं जास्त घेतली की नकळत पाळीवपणाच निवडला जातो. ही चूक फार होते.

झुंजूमुंजू

नमुने कसे घ्यायचे आणि किती? आणि लॅबचा निकाल कुठे फसवतो?

जनुकवेध

आधी परवानगी. रानटी पक्षी पकडणं, पिसं उपटणं, रक्त घेणं हे सगळं वनविभागाच्या लेखी परवानगीनंतर आणि शिकलेल्या हातांनीच.

पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, त्यामुळे रक्ताचा एक छोटा थेंब, 50 मायक्रोलिटर, पुरतो. तो 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. पिसं घ्यायची तर छातीवरची 4 ते 6, मुळासकट. कागदी पाकिटात, सिलिका जेलसोबत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते, बुरशी येते आणि डीएनए तुटतो. पुष्कळ नमुने याच कारणाने वाया जातात. गळलेलं पीस मिळालं तर देठात वरच्या बाजूला रक्ताची बारीक गुठळी असते, टोकापेक्षा तिथे डीएनए चांगला मिळतो. पिल्लं बाहेर पडल्यावर उरलेल्या कवचाच्या आतली पापुद्र्यासारखी त्वचाही चालते, आणि पक्ष्याला हातही लावावा लागत नाही. दर ठिकाणचे 25-30 पक्षी, आणि ते एकाच घरट्यातली भावंडं नसावीत.

आता फसगती.

एक, मायटोकाँड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांचा) डीएनए फक्त आईकडून येतो. बदकांत बहुतेक वेळा पाळीव नर आणि रानटी मादी असा संकर होतो, मग मायटोकाँड्रियाच्या चाचणीत पिल्लू अगदी शुद्ध निघतं. निव्वळ त्यावर विसंबून 'भेसळ नाही' असा निष्कर्ष काढू नये.

दोन, मार्करांची, म्हणजे डीएनएतल्या तपासायच्या ठराविक जागांची, संख्या. 12 ते 24 मार्करांत थेट संकर पकडता येतो, पण त्यानंतरची पिढी वेगळी काढायला 48 च्या आसपास लागतात, आणि तेही दोन्ही वंशांत बऱ्यापैकी अंतर असेल तर. पुढच्या पिढ्यांसाठी हजारो जागा वाचणाऱ्या जीनोम-पद्धतीच हव्यात. थेट संकरात पाळीव वाटा 50 टक्के, तो रानट्याशी जमला की पिल्लांत सरासरी 25, मग 12.5, मग 6.25. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यापासून रंगरूप अस्सल रानटी असतं. या धाग्याचं नाव त्यासाठीच योग्य आहे.

तीन, आणि ही सर्वांत जास्त नुकसान करते: तुलनेसाठी घेतलेले 'शुद्ध रानटी' पक्षी आधीच भेसळीचे असतील तर सॉफ्टवेअर भेसळीलाच शुद्ध धरतं आणि सगळं छान असल्याचा आलेख काढून देतं. म्हणून जुने संग्रहालयातले नमुने लागतात. तिथे जतन केलेल्या पक्ष्याच्या पायाच्या बोटाखालच्या गादीचा तांदळाएवढा तुकडा पुरतो.

सातभाई

आणि निकाल आल्यावर? संकर सगळे काढायचे का?

पाणथळ

सरसकट नाही. पाळीव पक्षी आणि थेट संकर काढावेत, त्यांच्याबद्दल शंका नसते. त्यापुढच्या पिढ्यांत घाई करू नये. 12.5 टक्के पाळीव वाटा असलेल्या पक्ष्यात 87.5 टक्के रानटी वंश आहे. थवाच 60-70 पक्ष्यांचा असेल तर असे सगळे काढल्यावर उरलेल्यांत सगोत्र जोड्या जमू लागतात, आणि तेही तितकंच वाईट. थवा मोठा असेल तर उंबरठा कडक ठेवता येतो.

पण कुठल्याही काढणीआधी आवक थांबायला हवी. नाहीतर मुळावर घाव न घालता फांद्या छाटत बसल्यासारखं होतं. ब्रिटनमध्ये 'चुकार' नावाचा तितर आणि त्याचे लाल पायांच्या तितराशी झालेले संकर सोडण्यावर 1992 नंतर बंदी आली. युरोपात जपानी लाव्याचे संकर सोडण्यावरही अनेक देशांनी निर्बंध घातले, कारण फार्मवरच्या लाव्यांत स्थलांतराची ओढ कमी असते आणि ती तूट संकरातही उतरते. सोडणं थांबवणं यापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक उपाय मला माहीत नाही.

पीसपारखी

पाळणाऱ्यांसाठी:

बदकं बहुधा पहाटे अंडी घालतात, म्हणून सकाळी उशिरा सोडा आणि अंडी रोज गोळा करा. सगळी उचलली तर मादी झुडपात नवी जागा शोधते, तेव्हा एक-दोन लाकडी अंडी ठेवा. मॅलार्डवंशी अंडी 28 दिवसांत फुटतात आणि कोंबडीची 21, त्यामुळे दोन आठवड्यांतून एकदा आवार नीट धुंडाळलं तरी लपलेलं घरटं वेळेत सापडतं. एका पंखाची मोठी पिसं कापत असाल तर ती दर पिसझडीनंतर परत येतात, दरवर्षी पाहावं लागतं. पेकिनसारख्या जड जातींपेक्षा लहान कॉल बदकं जास्त जोखमीची, ती छान उडतात. रानाजवळ कोंबडी ठेवणाऱ्यांनी कोंबडे तिन्हीसांजेच्या आधी आणि पहाटे कोंडलेले ठेवावेत. रंग निवडायचा असेल तर लेगहॉर्नसारखा प्रभावी पांढरा घ्या, म्हणजे संकर झाला तर पहिल्याच पिढीत पिल्लू ओळखू येतं. रानकोंबड्यासारखी दिसणारी गावठी जात रानाच्या कडेला सर्वांत वाईट. आणि बदकं नकोशी झाली तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, तळ्यात सोडू नका.

झुंजूमुंजू

शेवटचा प्रश्न. तळ्यावर हळदी-कुंकू बदकांच्या थव्यात छातीवर पांढरा डाग असलेला एक नर दिसला, शेपटीची पिसं थोडी वळलेली. काय काय नोंदवायचं?

पीसपारखी

छातीवरचा पांढरा डाग ही पाळीव रक्ताची खूण, आणि वळलेली शेपटी मॅलार्ड नराची. पंखातल्या हिरव्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना पांढरी रेघ हा पुरावा मात्र इथे धरू नका. मॉटल्ड डकमध्ये ती मॅलार्डची खूण ठरते, पण हळदी-कुंकूला ती मुळातच असते. डोक्याचा फोटो उन्हात तिरका घ्या, हिरवी झाक आहे का ते कळेल. चोचीच्या बुडाचे लाल ठिपके आणि टोकाचा पिवळा रंग स्पष्ट दिसेल असा एक, बसलेला असताना पंखावरची पांढरी आतली पिसं दिसतील असा एक, आणि शेपटीचा मागून एक. सोबत तो कोणत्या मादीच्या मागे आहे, तिच्याबरोबर पिल्लं आहेत का आणि किती, तेही लिहा. पिल्लं असतील तर ती उडायला लागायच्या आत, म्हणजे साधारण सात-आठ आठवड्यांत, वनविभागाला कळवा. नंतर ती थव्यात मिसळली की एकेक शोधून काढणं अवघड जातं.